पाळणे आणि क्रिब (बाळाची कठड्याची खाट) बनवणाऱ्या, विकणाऱ्या मंडळींना खुले पत्र

सुतार, कारखानदार, दुकानदार आणि ऑनलाइन विक्रेते मंडळी,
स. न. वि. वि.

बारशाच्या खरेदीला आलेलं गिऱ्हाईक तुमच्याकडे बहुतेक वेळा अख्खा सेट मागतं. पाळणा, मऊ गादी, मोहरीची उशी, दोन छोटे लोड, कठड्याला आतून बांधायची कापडी तक्क्यांची पट्टी, रजई, वर टांगायचं चिमणाळं, मच्छरदाणी. यातला पाळणा लागतो, गादी लागते पण मऊ नव्हे, आणि मच्छरदाणी नीट बसवली तर उपयोगी आहे. बाकीच्या बऱ्याचशा वस्तूंनी बाळाची झोप सुखाची होत नाही, उलट ती धोक्याची होते. आमच्यापैकी काहीजण नवजात बाळांच्या विभागात काम करतात, काहीजण लाकूडकामातले आहेत. तुमच्याकडे मागणं एवढंच, की लाकडाचं काम जास्त काटेकोर करा आणि त्यासोबतचं सामान कमी विका. धंद्याच्या हिशेबाला हे उलटं वाटेल, म्हणून प्रत्येक गोष्टीचं कारण सांगतो.

आधी कठडा. दोन गजांमधली मोकळी फट ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. अमेरिकी नियमात हे माप २ इंच ३ सूत, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटर आहे, युरोपीय मानकात साडेचार ते साडेसहा सेंटिमीटर. यामागचं कारण बाळाच्या अंगकाठीत आहे. तान्ह्या बाळाचं डोकं कमरेपेक्षा मोठं आणि कडक असतं. सरकत सरकत पाय फटीतून बाहेर जातात, मागून कंबर जाते, छातीही दबून जाते, डोकं मात्र आत अडकतं आणि सगळा भार मानेवर येतो. यात बाळाला रडताही येत नाही.

नजरेच्या अंदाजाने लावलेले गज या मापात बसत नाहीत, हे हिशेब करून पाहा. मोकळी लांबी १२० सेंटिमीटर आणि गज अडीच सेंटिमीटर जाडीचे धरू. १२ गज लावले की १३ फटी पडतात आणि प्रत्येक फट ६.९ सेंटिमीटरची होते. एक गज वाढवून १३ केले तरी फट ६.२५ उरते. १४ गज लावले की १५ फटी होतात, प्रत्येकी ५.७ च्या आसपास, आणि काम मापात बसतं. म्हणजे चांगला पाळणा आणि वाईट पाळणा यांत एका बाजूला दोन गजांचा फरक. तेवढं लाकूड वाचवू नका.

बरोबर ६ सेंटिमीटर रुंदीचा एक लाकडी ठोकळा करून दुकानात ठेवा. तो कुठल्याही फटीतून आरपार जाता कामा नये, हाताने जोर देऊन ढकलला तरीही. जोर द्यायचा तो अशासाठी की बारीक गज मध्यभागी वाकतात आणि मोजताना ६ भरलेली फट भाराखाली ७ होते. डोक्याकडच्या फळीला कोरलेली बदामाची, फुलांची नक्षी आरपार असेल तर तिलाही हाच ठोकळा लावा. त्या भोकांतही डोकं किंवा हात अडकतो. नक्षी करायचीच तर उठावाची करा.

चार कोपऱ्यांच्या खांबांवर कळसासारखे गोटे बसवायची आपल्याकडे फार हौस. गोटा छान दिसतो, पण झबल्याचा बंद, कुंचीची नाडी किंवा गळ्यातला काळा दोरा त्यात अडकतो, आणि उभं राहायला शिकलेलं मूल त्याला लटकतं. खांबाचं टोक कठड्याच्या वरच्या पट्टीशी सपाट हवं, अमेरिकी नियमात जेमतेम दीड मिलिमीटरची सूट आहे. गोटे असलेला माल पडून असेल तर ते कापून, घासून, गोल करून विका.

जोडकामात खिळे नकोत. कोकणात पावसाळ्यात लाकूड फुगतं, मराठवाड्यात उन्हाळ्यात ते आकसतं, आणि दोन ऋतूंत खिळा सैल होतो. गज पट्टीत भोक पाडून, आत पुरेसे घुसवून, चिकटवून बसवा. जे सांधे घरी जोडायचे-सोडायचे असतात तिथे लाकडात थेट पिळलेला स्क्रू वापरू नका. तीनदा उघडून लावला की त्याची पकड जाते. तिथे बोल्ट आणि आत धातूचं बॅरल नट (लाकडाच्या भोकात आडवं बसणारं गोल नट) हवं, किंवा वायसर घालून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेलं, सहज सैल न होणारं). प्रत्येक पाळण्यासोबत किल्ली आणि दोन जादा बोल्ट द्या. बोल्ट हरवला की घरचे लोक हाताला लागेल तो खिळा ठोकतात, दोरीने बांधतात, आणि पुढचा अपघात तिथूनच सुरू होतो.

आता खाली सरकणारा कठडा. वाकायला नको म्हणून एक बाजू खाली-वर होणारी क्रिब लोकांना सोयीची वाटते. अमेरिकेत २८ जून २०११ पासून अशा क्रिब बनवायला आणि विकायला बंदी आहे. बिघाड बहुतेक वेळा एकाच जातीचा असतो. ज्या खाचेत कठडा सरकतो तिथली प्लॅस्टिकची क्लिप तुटते किंवा झिजते, कठड्याचं एक टोक सुटतं, दुसरं धरून राहतं, आणि गादी व कठडा यांच्यामध्ये इंग्रजी व्ही आकाराची फट उघडते. बाळ घरंगळून त्यात जातं आणि तोंड गादीकडे दाबून अडकतं. बाहेरून पाहणाऱ्याला कठडा जागेवरच दिसतो. तुमच्याकडे असा माल असेल तर निदान ती बाजू दोन्ही टोकांना बोल्टने कायमची बंद करून द्या. नव्याने मात्र बनवूच नका.

तळाची फळी चारही कोपऱ्यांना धातूच्या आधारावर बसलेली आणि बोल्टने आवळलेली हवी. खालून हाताने वर ढकलून पाहा. फळी उचलली गेली तर मूल उड्या मारायला लागल्यावर ती नक्की निसटेल. फळी खाली-वर करता येत असेल तर फारच चांगलं. बाळ आधाराशिवाय बसायला लागण्याच्या आत ती एक घर खाली न्यायची, धरून उभं राहायला लागण्याच्या आत सगळ्यात खाली. त्या सगळ्यात खालच्या घरापासून कठड्याचं वरचं टोक २६ इंच हवं. मुलाची उंची ३५ इंच झाली की क्रिबचं काम संपलं, मग ते चढून बाहेर पडतं. हे शेवटचं वाक्य तुम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही, कारण तीन-चार वर्षं चालेल असं सांगितलं की माल खपतो.

गादीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. बाळाला मऊ हवं, हे आजीपासून दुकानदारापर्यंत सगळे म्हणतात. मऊ गादीत डोक्याचा खळगा पडतो. बाळ कुशीवर किंवा पालथं झालं की तोंड त्या खळग्यात जातं, आणि ते स्वतःचाच सोडलेला श्वास पुन्हा आत घेत राहतं. प्राणवायू कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. मोठा माणूस अशा वेळी झोपेतच मान वळवतो. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मानेत तेवढी ताकद नसते, आणि काही बाळांचा मेंदू झोपेतून जागं होण्याची सूचनाही वेळेवर देत नाही. म्हणून गादी कडक आणि सपाट हवी. तळहात दाबून उचलला की हाताचा ठसा लगेच नाहीसा झाला पाहिजे. चांगल्या घनतेचा फोम किंवा काथ्याची शीट चालते, जाडी ८ ते १० सेंटिमीटर पुरे. जास्त जाड गादीने कठड्याची उंची फुकट जाते. पिंजलेल्या कापसाची गादी काही महिन्यांत मध्यभागी बसते आणि कडेला गोळे होतात, ती क्रिबला नको. कडक गादीवर वरून मऊ गादी घालणं म्हणजे पुन्हा मऊ गादीच.

गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहता कामा नये, चारही बाजूंना. गादी एका कोपऱ्यात सरकवून समोरच्या बाजूची फट मोजा, मधोमध ठेवून मोजलेली फट फसवी असते. यावर सोपा उपाय तुमच्या हातात आहे. पाळणा आणि गादी एकत्रच विका, आणि गादीची लांबी, रुंदी, जाडी तळाच्या फळीवर छापून टाका. नुसता पाळणा नेऊन गादी दुसरीकडून आणली की माप चुकतं, आणि उरलेल्या फटीत लोक दुपटं कोंबतात. वरची चादर इलॅस्टिकची, गादीखाली वळणारी हवी. पाणी झिरपू नये म्हणून रबरी शीट घालायची तर ती चादरीखाली, ताणून. पिशवीच्या पातळ प्लॅस्टिकचं वेष्टण गादीवर ठेवून पाठवू नका. स्वच्छ राहील म्हणून कित्येकजण ते काढतच नाहीत, आणि ते तोंडाला चिकटतं.

आता तो सेट. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या शिफारशी स्पष्ट आहेत. उताणं झोपवणं, कडक सपाट पृष्ठभाग, आणि झोपेच्या जागी उशी, रजई, मऊ खेळणी, कठड्याचे तक्के यांपैकी काही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत कठड्याच्या तक्क्यांवर कायद्याने बंदी आली. तक्के विकताना सांगितलं जातं की डोकं आपटणार नाही, हातपाय गजांत अडकणार नाहीत. अडकलेला हात बाळ रडून सांगतं, तुम्ही जाऊन सोडवता. तक्क्यात रुतलेलं तोंड कोणी सांगत नाही. थोडं मोठं मूल तर त्याच तक्क्यावर पाय देऊन कठडा ओलांडतं.

लोडांचंही तसंच. बाळ पडू नये म्हणून दोन बाजूंना लोड लावतात, पण कठडा असताना बाळ पडणार कुठून? मोहरीची उशी डोकं गोल होण्यासाठी देतात. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये यासाठी दोन गोष्टी पुरतात: रोज झोपवताना डोक्याची दिशा बदलायची, आणि बाळ जागं असताना, कोणीतरी समोर बसून, दिवसातून काही वेळा पालथं ठेवायचं. उशीने हनुवटी छातीकडे झुकते, श्वासाची वाट अरुंद होते. शिवण उसवली तर मोहरी नाका-तोंडात जाते ते वेगळंच. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. रिकामा नको हे खरं, पण त्यात एक बाळ आणि एक ताणलेली चादर याखेरीज काही नको. थंडी असेल तर रजईऐवजी एक जादा झबलं घाला. टोपडं घरात झोपताना काढा, कारण बाळाची उष्णता डोक्यावाटेच बरीच बाहेर पडते. धुरी किंवा शेगडी पाळण्याखाली तर अजिबात नको.

चिमणाळं विकायला हरकत नाही. बाळाच्या हाताला लागणार नाही एवढं उंच, छोटी सुटी मणी-घुंगरं नसलेलं, आणि बाळ हातांवर उठायला लागलं की काढून ठेवायचं. एवढं पाकिटावर छापा.

मच्छरदाणी आपल्याकडे चैन नाही. डेंगी-मलेरियाच्या गावात ती लावायलाच हवी. पण ती कठड्याच्या बाहेरून, ताणून, खाली गादीच्या पातळीच्याही खाली पोचेल अशी हवी. आत झोळ पडलेली जाळी बाळाच्या हाती येते आणि तोंडावर ओढली जाते. छत्रीसारखी उघडणारी, आतच मऊ गादी आणि उशी शिवलेली जी मच्छरदाणी सगळीकडे मिळते, तिची जाळी चांगली, गादी वाईट. कारखानदारांनी तीच वस्तू बिनगादीची बनवली तर आम्ही आनंदाने शिफारस करू.

टांगता पाळणा आणि झोळी यांबद्दल वेगळं लिहायला हवं. लाकडी टांगता पाळणा थांबल्यावर पाणसळीत, म्हणजे अगदी आडवा सपाट असला पाहिजे. एक साखळी अर्धा इंच लांब असली तरी बाळ रात्रभर एका बाजूला घरंगळून तिथल्या गजांना तोंड लावून झोपतं. म्हणून विकण्याआधी तळावर पाणसळ ठेवून बघा, आणि झोपल्यावर पाळणा स्थिर करायला खिटी द्या. बाळ कुशीवर वळायला किंवा हातांवर उठायला लागलं की टांगता पाळणा बंद, मग क्रिब किंवा जमिनीवरची कडक गादी.

स्प्रिंगच्या झोळीत तर बाळ कमानीसारखं वाकतं. हनुवटी छातीला टेकते. तान्ह्याची श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते, मान पुढे वाकली की ती पिळलेल्या नळीसारखी दबते. १० अंशांपेक्षा जास्त कललेली जागा झोपेसाठी नको, असं वर उल्लेखलेल्या शिफारशीत आहे. फिशर-प्राइसच्या रॉक अँड प्ले या ३० अंश कललेल्या झोपाळ्याचे सुमारे ४७ लाख नग एप्रिल २०१९ मध्ये परत बोलावले गेले, ते बाळांच्या मृत्यूंनंतरच. झोळी रडणारं बाळ शांत करायला ठीक, कोणीतरी शेजारी बसलेलं असताना. झोप लागली की सपाट जागी ठेवायचं. स्प्रिंग विकताना तिच्या आतून जाणारी सुरक्षा-साखळी सोबत द्या, म्हणजे स्प्रिंग वाकणीवर तुटली तरी झोळी खाली येणार नाही. स्प्रिंग बहुतेक वेळा आकड्याच्या वाकणीवर तुटते, तिथे गंज किंवा चीर दिसली की बदलायची. झोळी जमिनीपासून वीतभरच उंच, खाली सतरंजी. काम झालं की कापड काढून ठेवायचं, कारण मोठं भावंड त्यात बसून गोल फिरतं आणि पीळ गळ्याला बसतो. असे मृत्यू आपल्या देशातल्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत.

ऊसतोडीच्या फडात बाळ झाडाला झोळीत टांगतात ते मुंग्या, विंचू, सापांच्या भीतीने. त्या आईला झोळी नको म्हणून सांगण्यात अर्थ नाही. तिला हलका, पायांवर उभा राहणारा, कडक तळाचा आणि जाळी लावलेला छोटा पाळणा परवडेल अशा किमतीत कोणी बनवला तर ते खरं काम होईल. कारखानदारांनी यावर डोकं चालवावं.

रंगाबद्दल. दात येणारं मूल कठड्याची वरची पट्टी चघळतं. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर चालत नाही. यंत्रांचा किंवा गाड्यांचा औद्योगिक रंग या नियमाखाली येत नाही, तो पाळण्याला लावू नका, लोखंडी क्रिबलाही नाही. आजोळचा जुना पाळणा रंगवायला आला तर जुना रंग कोरडा घासू नका. ती धूळच विषारी असू शकते. ओला करून खरवडा, आणि वाळवी, सैल गज, फटी हे सगळं नव्या मापाने तपासा. माप बसत नसेल तर तो पाळणा बारशाच्या दिवशी नाव ठेवायला वापरा, रात्री झोपायला नको, असं सरळ सांगा.

बसवून द्यायला तुमचा माणूस घरी जातो तेव्हा त्याने जागाही बघावी. खिडकीखाली, पडद्याच्या दोरीजवळ, चार्जरच्या वायरीजवळ पाळणा नको. वायर पाळण्यापासून किमान तीन फूट दूर हवी. कॅमेरा कठड्याला बांधायचा नाही. पाळणा आईवडिलांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी, निदान पहिले सहा महिने. चाकं असतील तर ती फिरणार नाहीत अशी अडकवून.

सूचनापत्र मराठीत आणि पाळण्यालाच चिकटवलेलं हवं, खोक्यात टाकलेलं नको. त्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात: झोपवताना नेहमी उताणं. घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, उताण्या बाळाला दूध उलटलं तर घुसमटेल. होतं उलटं. बाळ उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, उलटलेल्या दुधाला तिच्यात जायचं तर चढावं लागतं. पालथं झोपवलं की श्वासनलिका खाली येते. अमेरिकेत १९९४ पासून उताणं झोपवण्याची मोहीम चालली आणि बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले. दुकानातल्या फलकावर आणि वेबसाइटवर मात्र अजूनही पालथं झोपलेलं, उशीवर गाल टेकलेलं, भोवती अस्वलं मांडलेलं बाळ दिसतं. सूचनापत्र कोणी वाचत नाही, फोटो सगळे बघतात. आधी फोटो बदला.

हे सगळं ऐच्छिक आहे असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा दिला नाही तर उत्पादक जबाबदार ठरतो. जोडणीत वाजवी काळजी घेतली नाही, किंवा उत्पादकाने दिलेला इशारा गिऱ्हाइकापर्यंत पोचवला नाही, तर विक्रेताही.

राहिला प्रश्न पडून असलेल्या मालाचा. ठोकळा आरपार जाणारे पाळणे, बोल्टने कायमच्या बंद न केलेल्या सरकत्या कठड्याच्या क्रिब सवलतीत काढू नका, अनाथालयाला किंवा पाळणाघराला दान देऊ नका. भंगारवाल्याला द्यायचे तर आधी कठडे करवतीने कापून द्या, नाहीतर आठवड्यात तोच पाळणा रंग लावून दुसऱ्या गल्लीत विकायला उभा राहतो.

कळावे,
नवजात शिशू विभागातल्या काही परिचारिका आणि डॉक्टर, व लाकूडकामातले काही कारागीर